करडा ठिपका

प्रणोती लांजेवारला चुका करण्याचा पगार मिळत असे, आणि चुका ती मन लावून करत असे. कधी उद्या जन्मणाऱ्या बाळाची आजच नोंद करी, कधी नाडीच्या जागी उणे दोनशे लिही, कधी बाळाच्या नावात नुसते स्वल्पविराम टाकी. एकदा तिनं एकाच आईच्या पदरात तीनशे मुलं टाकली होती. एवढं करून झालं, की हनुवटीखाली मूठ धरून ती पडद्याकडं बघत बसे. पलीकडून उत्तर काय येतं, ते बघायचं.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या फेब्रुवारीतच लागायच्या, त्या वर्षांमधली ही गोष्ट. नागपुरात तेव्हा बारा ते पाच दुचाकीवर रस्त्यावर उतरायला मनाई असे. सरकारी कागदावर या मनाईचं नाव लांबलचक होतं. लोक दुपारबंदी म्हणत. ऑफिसं उजाडताच उघडत, दुपारभर पडदे ओढून चालत, आणि ऊन उतरलं की माणसं घरी जात.

त्या उन्हानं मोठ्यांना पकडण्याआधी तान्ह्यांना पकडलं. मोठं माणूस पाणी मागतं. तान्हं रडतं, आणि अंगातलं पाणी फारच आटलं की रडायचंही सोडतं. मग ते शांत झोपल्यासारखं दिसतं आणि घरच्यांना वाटतं, चला, लागला एकदाचा डोळा.

यावर एक तोडगा निघाला होता. निरोगी बाळाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर श्वासागणिक थोडं कमी, थोडं जास्त होत राहतं. शरीरावर ताण आला की हा लहरीपणा जातो. ठोके शहाण्यासारखे एका चालीत पडू लागतात, आणि हे ताप चढण्याच्या, मान टाकण्याच्या बरंच आधी घडतं. दुसरं असं, की त्वचेत पाणी किती आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशानं मोजता येतं. पाणी तो प्रकाश गिळतं. पाणी कमी झालं की प्रकाश जास्त परतून येतो. ही दोन मापं घेणारा एक बारीकसा पट्टा तयार झाला. आज्यांनी नाक मुरडू नये म्हणून त्याला काळ्या मण्यांचं रूप दिलं आणि नाव ठेवलं मनगटी.

मनगटी स्वतः काही ठरवत नसे. ती मापं घेई आणि बाळाजवळच्या घरच्या मोबाइलमार्फत, आईच्या नंबरखाली, 'निगा' नावाच्या सेवेकडं पाठवी. सेवा म्हणजे एक खिडकी समजा. खिडकीतून प्रश्न आत जातो: ही मापं, हे वय, बाळ कसं आहे? आतून उत्तर येतं. हिरवा ठिपका म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे पाजा आणि लक्ष ठेवा, लाल म्हणजे गाडी निघाली आहे. अशा खिडक्यांची जगभर एक रीत असते. प्रत्येक उत्तराच्या कपाळावर आकडा लिहिलेला असतो. दोनशे म्हणजे सगळं सुरळीत. चारशेच्या घरातला म्हणजे तुमचा प्रश्न चुकला. पाचशेच्या घरातला म्हणजे आमचंच काहीतरी बिघडलं. मापं अर्धवट आली, नेटवर्क तुटलं, मनगटी तापून भलतंच सांगायला लागली, तर खिडकीनं तसं कबूल करायचं आणि मोबाइलवर करडा ठिपका दाखवायचा.

प्रणोतीचं काम या करड्याचं. खिडकी बरोबर असताना कशी वागते, ते बघायला बाकीचे होते. ती चुकल्यावर कशी वागते, ते प्रणोती बघे.

या कामासाठी खोटी बाळं लागत. टीममधली चालच होती, की नव्या माणसानं आल्या आल्या एक बाळ जन्माला घालायचं, त्याचं बारसं करायचं आणि सगळ्यांना तर्री-पोहे खिलवायचे. सेवेचा प्रोग्राम लिहिणाऱ्या इमरानच्या बाळाचं नाव होतं 'रिकामा'. प्रणोती आली तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. तिनं आपल्याच मोबाइल नंबरवर बाळ काढलं आणि मनात कुणालाही न सांगता ठरवलेलं नाव त्याला देऊन टाकलं: जुई.

ही खोटी जुई फार उपद्व्यापी निघाली. एकदा तिची नाडी उणे दोनशे झाली, मदतकक्षात घंटा वाजली, आणि मेश्राम सिस्टरनी तडकाफडकी गाडी थेट प्रणोतीच्या दारात पाठवली. शेजारीपाजारी गोळा झाले. प्रणोती पोटावर हात ठेवून दारात उभी, बाळाचा पत्ता नाही.

"माझ्या गाड्या काय खेळण्यातल्या आहेत काय?" सिस्टर फोनवर कडाडल्या होत्या. "पुन्हा असं केलंस तर तुलाच उचलून आणीन!"

मग प्रणोतीनंच इमरानला सांगितलं आणि त्यानं सेवेत एक ओळ लिहिली: चाचणीची खूण असलेल्या नंबरवरून काही गडबड आली, तर कुणाला त्रास द्यायचा नाही, शेवटचं जे चांगलं उत्तर असेल तेच परत द्यायचं. घंटा थांबल्या. पुढं खरी जुई जन्मली. प्रणोतीनं खोटी नोंद पुसून खरी केली, आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

*

"अवं, किती वेळा हात लावशील तिले?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "लेकरू आहे का कूकर?"

सासूबाई कुळीथ निवडत बसल्या होत्या. खाली सतरंजीवर आठ महिन्यांची जुई पालथी पडून स्टीलच्या वाटीला चावत होती. ऑफिसला निघालेली प्रणोती चप्पल घालून परत आत आली होती आणि जुईच्या मानेला हाताची मागची बाजू लावून बघत होती.

"गरम वाटतंय का हो, आई?"

"एप्रिल आहे. मीबी गरमच लागीन. हिरवं आहे न तुह्या त्या मोबाइलवर?"

"हिरवं आहे."

"मंग? तुह्याच कंपनीचं आहे न ते? तूच भरवसा नाही ठेवत, तं लोकायनं काहून ठेवावा?"

डॉक्टरांनीही जवळपास हेच सांगितलं होतं, की बाळाची प्रकृती उत्तम आहे, आराम आईला पाहिजे. नवरा तन्मय नोकरीला चंद्रपूरला, आठवड्याला एकदा घरी. तोही हसायचा: "तू चांगल्या पोरीतही बग शोधते." तेव्हा तिनं स्वतःशी एक करार केला होता. हिरवा दिसला की हात लावायचा नाही. हा करार ती रोज मोडत असे, पण दिवसेंदिवस कमी वेळा. आता तर ऑफिसात बसल्या बसल्या मोबाइलवर नजर टाकली की छातीतलं काहीतरी आपोआप सैल होई. इतर बाया करड्या ठिपक्यानं वैतागायच्या. प्रणोतीच्या घरी तो कधी आलाच नव्हता, आणि याचा तिला थोडा अभिमानही होता.

"तुमच्याही मोबाइलवर दिसतंय ना नीट?"

"दिसते वं माय. जाय तू. ऊन होईल."

*

"करडा काढून टाकायचा," कौस्तुभ डहाके म्हणाला.

कौस्तुभ हा 'निगा'चा प्रमुख. आवाज कधी चढवायचा नाही, आणि कुणाचं म्हणणं खोडायचं असलं तर आधी त्याला चहा विचारायचा. येत्या सोमवारपासून विदर्भातल्या अंगणवाड्यांमधून मनगट्या वाटल्या जाणार होत्या. त्याआधीची ही बैठक.

"मदतकक्षाला येणाऱ्या फोनांत निम्मे फोन करड्याचे आहेत. त्यातले बहुतेक नेटवर्क गेल्याचे. बाळाला काही झालेलं नसतं, पण आईच्या जिवाला घोर लागतो. दोन-तीनदा करडा दिसला की ती मनगटी काढते आणि खुंटीला अडकवते. मग तिच्या बाळाला काहीच नाही. हिरवा नाही, लालही नाही."

"मग करड्याच्या जागी काय?" प्रणोतीनं विचारलं.

"शेवटचा रंग तसाच ठेवायचा. थोड्या वेळात नवं माप येतंच. इमरानची ओळ तयार आहे, चाचणीच्या बाळांसाठी लिहिलेली. ती सगळ्यांना लावायची, एवढंच."

इमराननं खुर्चीत चुळबुळ केली. "सर, ती ओळ खोट्या पोरांची आहे."

"ओळीला काय कळतं, कोण खोटं अन् कोण खरं," कौस्तुभ हसला. मग प्रणोतीकडं वळला. "तू आई आहेस. खरं सांग, दुपारी इथं बसलेली असताना मोबाइलवर करडा आला तर तुला काय वाटेल?"

प्रणोतीनं खरं सांगितलं. "जीव जाईल माझा."

"बस, तेच म्हणतोय मी."

एक आई म्हणून तिला तो ठिपका जगात नकोच होता. तपासणारी म्हणून ठाऊक होतं, की पोटात बिघाड असताना कपाळावर दोनशे लिहून येणारं उत्तर हे सगळ्यात वाईट उत्तर. पाचशे आलं तर माणूस शोधायला लागतो. खोटं दोनशे आलं तर निवांत बसतो. या दोन बायका एकाच खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचं जमत नव्हतं.

"चुकांच्या चाचणीवर तुझी सही लागेल," कौस्तुभ म्हणाला. "शुक्रवारपर्यंत."

"खऱ्या उन्हात एकदा बघते आणि मग सांगते."

*

खऱ्या उन्हात बघायला लांब जावं लागत नव्हतं. चौथ्या मजल्याच्या खिडकीला पश्चिमेची जाळी होती, आणि दुपारी तिच्यावर पापड भाजला असता.

गुरुवारी जेवणानंतर प्रणोतीनं एक नवी मनगटी काढली आणि ऑफिसच्या मोबाइलला जोडली. तिची एक खोड होती: एका ठिकाणी दिसलेलं दुसऱ्या ठिकाणी दिसेपर्यंत तिचा विश्वास बसत नसे. म्हणून तीच मनगटी तिनं स्वतःच्या मोबाइललाही जोडली, जुईच्या खाली, 'दुसरं बाळ' म्हणून. मग ती आपल्या अंगठ्यात घातली. बाळाचं मनगट आणि मोठ्या माणसाचा अंगठा यांत मनगटीला फारसा फरक कळत नाही. दोन्हीकडं हिरवा ठिपका आला. तिनं मनगटी अंगठ्यातून काढली, खिडकीबाहेर जाळीला अडकवली आणि काच ओढून घेतली.

थोड्या वेळात ऑफिसच्या मोबाइलवर करडा आला. बरोबर. मनगटी तापली होती आणि तिच्यात कुणाचा हातही नव्हता. सेवेच्या खिडकीनं चूक कबूल केली.

तिच्या स्वतःच्या मोबाइलवर हिरवा होता.

नेटवर्क मंद असेल म्हणून तिनं वाट पाहिली. पडदा ओढून ताजा केला. हिरवा. खाली ओळ: 'बाळ ठीक आहे. शांत झोपलं आहे.' बाहेर जाळीवर रिकामी मनगटी उन्हात लोंबत होती.

"इमरान," ती म्हणाली, "इकडं ये जरा."

इमराननं दोन्ही मोबाइल पाहिले, जाळीकडं पाहिलं, आणि आधी हसला. "हे काय, तुझा नंबर चाचणीचा आहे ना. ती ओळ लागते त्याला."

"चाचणीचं बाळ मी कधीच पुसलं."

"बाळ पुसलं असशील. खूण बाळाला नसते यार, आईच्या नंबरला असते. नंबर तोच आहे, तर..." इथं त्याचं हसू विझलं. "प्रणोती. घरी कोणत्या नंबरवर आहे पोरगी?"

तिनं स्वतःचा मोबाइल त्याच्यापुढं धरला. मोबाइलवर दोन बाळं एकाखाली एक दिसत होती, जुई आणि दुसरं बाळ. दोन्ही हिरवी. दोन्ही शांत झोपलेली.

*

"हॅलो, आई? जुई काय करतेय?"

"झोपली आहे." ज्योत्स्नाबाई हळू आवाजात बोलत होत्या. "आज काहीच त्रास नाही दिला पोरीनं. लाइट गेली न, कूलर बंद, तरी पाह्य, मस्त झोपून राहिली."

"लाइट कधी गेली?"

"झाला की लय वेळ. मी पंख्यानं वारा घालून राहिली."

"उठवा तिला."

"झोपल्या लेकराले उठवू? हिरवं आहे वं, आत्ताच पाह्यलं मी."

"आई, मोबाइलकडं बघू नका. तिला उचला. लंगोट बघा, ओला आहे का."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. बांगड्या वाजल्या. प्रणोती भिंतीकडं तोंड करून उभी होती. इमरान तिच्यामागं, काय करावं ते न कळून, पाण्याची बाटली धरून.

"कोरडा आहे," फोनवर आवाज आला. हळू बोलणं आता राहिलं नव्हतं. "सकाळी तू बांधून गेली, तोच आहे. प्रणोती, ही मान नाही धरून राहिली नीट."

"रडते का?"

"किरकिरली जराशी. डोळे उघडले अन् मिटले."

"टाळूवर बोट फिरवा. हलकं."

"खोल लागून राहिली वं."

प्रणोतीनं पुढचं सगळं तपासणीचे टप्पे वाचून दाखवावे तसं सांगितलं. ओल्या फडक्यानं अंग पुसा. डोळे उघडले आणि गिळत असली, तरच साखर-मिठाचं पाणी, चमच्यानं, थोडं थोडं. गिळत नसली तर काही देऊ नका. शेजारच्या काकूंना बोलवा. मी गाडी पाठवते.

मग तिनं मदतकक्षाला फोन लावला.

"बोल," मेश्राम सिस्टर म्हणाल्या. "उणे दोनशेवाली कशी आहे? भर दुपारी मी गाडी काढणार नाही, आधीच सांगते."

"सिस्टर, ही खरी आहे. माझी जुई."

"इथं तर हिरवं दिसतंय. आणि वर 'चाचणी' लिहिलंय मोठ्या अक्षरात."

"तुमच्या पडद्यावरचं खोटं आहे. मी सांगते ते ऐका. आठ महिन्यांची, सकाळपासून लंगोट कोरडा, टाळू खोल, मान धरत नाही."

पलीकडं सिस्टर दुसऱ्याच आवाजात कुणाला तरी म्हणाल्या, "चार नंबरची गाडी काढ." आणि फोनमध्ये: "पत्ता तोच ना? ड्रायव्हरला पाठ आहे तो. तू सरळ दवाखान्यात पोच."

दुपारबंदीत प्रणोतीची स्कूटर गेटच्या बाहेर जाणार नव्हती. ऑफिसच्या गाडीला परवाना होता. इमराननं ती मिळवली. रस्ते रिकामे होते. मोबाइल प्रणोतीच्या हातात होता. सवयीनं ती पडदा बघत होती, आणि तो हिरवाच होता. लाइट गेल्यावर नेटवर्क तुटलं असेल नाहीतर मनगटी तापली असेल, आणि तेव्हापासून सेवा शेवटचा हिरवाच परत देत होती. जुई जन्मल्यापासून पाहिलेले हिरवे ठिपके तिला आठवत होते: ऑफिसात पाहिलेले, भाजी घेताना पाहिलेले, अंघोळीहून आल्या आल्या पाहिलेले. त्यातले बरेच खरे असणार. त्यातले कोणते खरे, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

जुईच्या हातावर पट्टी बांधून सलाईन लावलं होतं. ड्रायव्हर वेळेत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं झोपू दिलं असतं तर अवघड होतं. आता काळजी नाही, दोन दिवस राहू द्या. ज्योत्स्नाबाई कॉटच्या कडेला ताठ बसल्या होत्या. लेकराला पुसलेलं ओलं फडकं अजून त्यांच्या मुठीत होतं.

"मी पाहूनच राहिली होती वं," त्या म्हणाल्या. "घडी घडी पाह्यलं. हिरवं होतं."

"हो आई," प्रणोती म्हणाली. "हिरवंच होतं."

मग तिनं जुईच्या मानेला हाताची मागची बाजू लावली. या वेळी कुणी हसलं नाही.

*

जुई घरी आल्यावर कौस्तुभनं बैठक घेतली. सोमवारचं वाटप त्यानं त्या आठवड्यापुरतं पुढं ढकललं होतं. आल्या आल्या त्यानं चहा विचारला, आणि प्रणोतीनं नको म्हटलं.

"जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "नंबरवरची खूण काढली आहे. कर्मचाऱ्यांचे सगळे नंबर तपासले. पण एक लक्षात घे. हा चाचणीच्या खुणेचा घोळ होता. साध्या आईला त्या दुपारी करडाच दिसला असता."

"आणि वाटप सुरू झाल्यावर?"



प्रणोतीनं पिशवीतून जेवणाचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि मोबाइल मधोमध सरकवला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. हिरवा ठिपका. 'बाळ ठीक आहे. शांत झोपलं आहे.'

"ही तुमची नवी सेवा. सोमवारी लावणार होतात ती. काल चाचणीच्या यंत्रावर चढवून घेतली. हा नंबर साधा आहे, खूण नाही."

"जुई का?" कुणीतरी विचारलं.

तिनं डब्याचं झाकण उघडलं. आत मनगटी घातलेलं एक गाजर होतं.

इमरान फस्सकन हसला. दुसरेही हसले. मग हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं.

"अंगठ्यातून काढून गाजराला घातली," प्रणोती म्हणाली. "सकाळपासून ठीक आहे ते. उद्या किसलं तरी ठीकच राहील."

"प्रणोती, तुझा मुद्दा कळला," कौस्तुभ म्हणाला. "पण माझाही मुद्दा तिथंच आहे. करडा ठेवला तर बाया मनगट्या काढतात. मी हे मनानं सांगत नाही. हिरवा-लाल दोन्ही गेलेली कितीतरी मुलं आहेत."

"बरोबर आहे तुमचं. काढतात. पण करडा दिसला म्हणून काढत नाहीत. करड्याखाली आपण काय लिहितो ते बघा." तिनं पाठ म्हणून दाखवलं: "'तात्पुरती तांत्रिक अडचण. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' आईनं काय पुन्हा प्रयत्न करायचा? बाळ पुन्हा जन्माला घालायचं?"

"मग काय लिहायचं?"

तिनं कागद सरकवला नाही की फळ्यावर लिहिलं नाही. दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून ते तिच्या तोंडात बसलं होतं. "'मला कळत नाही. बाळाला उचलून घ्या. लंगोट ओला आहे का बघा.'"

"'मला कळत नाही'?" कौस्तुभनं भुवया उंचावल्या. "एवढे पैसे घालून आणलेलं यंत्र सरकारला दाखवायचं, आणि ते म्हणणार मला कळत नाही? लोक हसतील."

"हसू द्या ना सर," इमरान म्हणाला. "आत्ता गाजराला हसलोच की."

"आणि सही?"

"करड्याशिवाय मी सही करणार नाही," प्रणोती म्हणाली. आवाज चढला नाही. "माझ्या जागी दुसरं कुणी करेल, त्याला माझी हरकत नाही. मी आपलं माझं सांगितलं."

दुसऱ्या कुणीही ती केली नाही. इमराननं ती ओळ खोडली, चाचणीच्या बाळांसाठीसुद्धा. मेश्राम सिस्टरनी निरोप पाठवला, की खोट्या बाळांच्या घंटा त्या सोसतील, पण महिन्यातून एकदा तर्री-पोहे मदतकक्षातही आले पाहिजेत. वाटप ठरल्यापेक्षा कमी जिल्ह्यांत झालं. कौस्तुभनं ते वरिष्ठांना कसं समजावलं, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि प्रणोतीनं विचारलं नाही. काही दिवस तो तिला चहा विचारायचा विसरत असे, एवढंच.

*

मे महिन्यात एका दुपारी भिंतीवरच्या नकाशात भंडाऱ्याकडची वीज गेली, आणि गावामागून गाव करडं होत गेलं. जणू कुणी चुलीतली राख फुंकली.

"हा बघ तुझा करडा जिल्हा," इमरान म्हणाला.

पहिल्या आठवड्यात मदतकक्षाला इतके फोन आले होते, की सिस्टरचा घसा बसला. मग ते कमी झाले. बाया आता करडा दिसला की फोन करण्याआधी बाळाला उचलत. जे फोन येत ते थोडे आणि कामाचे असत: लंगोट कोरडा आहे, गाडी पाठवा. काही मनगट्या तरीही खुंटीला लागल्या. कौस्तुभचं तेवढं खरं निघालं, आणि तो आकडा प्रणोती रोज बघत असे.

राख नकाशावरून पुढं सरकली आणि शहराच्या पूर्वेला लागली. प्रणोतीच्या मोबाइलनं कंप दिला.

करडा.

तिच्या घरी हा पहिलाच. 'मला कळत नाही,' तिनं स्वतः सांगितलेले शब्द पडद्यावर होते. हात फोनकडं गेला. मग तिनं तो मागं घेतला आणि टेबलाखाली दुसऱ्या हातात धरून ठेवला. ही ओळ घरच्या मोबाइलवरही गेली होती. ती वाचणारं माणूस तिथं होतं. सगळ्या विदर्भातल्या बायांवर टाकलेला भरवसा स्वतःच्या सासूवर टाकायला तिला जड जात होतं, आणि हे लक्षात येऊन तिला मनातल्या मनात थोडी लाजही वाटली. जीव जाईल, असं तिनं एकदा सांगितलं होतं. तो गेला नव्हता. गळ्याशी येऊन बसला होता.

इमरान नकाशाकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघत होता.

फोन वाजला.

"काय वं प्रणोती!" ज्योत्स्नाबाईंचा आवाज खणखणीत होता. मागं जुई तार स्वरात रडत होती. "तुह्या त्या मशीनले काही कळत नाही म्हणे, लेकराले उचला म्हणे. उचललं, तं पाह्य आता! आत्ताच नेसली होती साडी, सारी वली करून ठेवली तुह्या पोरीनं!"

"ओली केली?" प्रणोती म्हणाली. "पूर्ण?"

"निऱ्यांपर्यंत! हासून काहून राहिली वं तू?"